दूरस्थ प्रवेशातील अडथळे : निदान व उपाय
(लिनक्स संगणक वापरणाऱ्या प्राथमिक शाळांसाठी)



वर्गात एखाद्या मुलाचे गणित चुकते, तेव्हा जाणता शिक्षक 'चूक' एवढाच शेरा देऊन पुढे जात नाही. मुलाने हातचा धरला नाही, की त्याला वजाबाकीच समजलेली नाही, की फळ्यावरील आकडाच त्याने चुकीचा उतरवून घेतला, हे तो आधी पाहतो. तिन्ही मुलांची उत्तरे सारखीच चुकली, तरी तिघांवरील उपाय निरनिराळे असतात. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण ही दृष्टी सहज सोडून देतो. 'तो लागत नाही', 'बिघडला आहे', एवढ्या दोन शब्दांत त्याचा निकाल लावून आपण मोकळे होतो. ज्या शिक्षकाकडे संगणकाचा भार असतो, त्याच्या माथी कधी कधी नाहक दोषही येतो.

असा दोष प्रस्तुत लेखकाने स्वतः एका शिक्षिकेच्या माथी मारला होता. तो प्रसंग पुढे सविस्तर येईलच. त्यातून जे शिकावयास मिळाले, ते सर्व शाळांच्या उपयोगी पडावे, या हेतूने हा पाठ लिहिला आहे.

१. विषयाची ओळख

लिनक्स ही संगणक चालविणारी मूळ प्रणाली होय. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी ती १९९१ मध्ये सुरू केली. ती कोणासही विनामूल्य वापरता येते आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते. आपल्या देशात सी-डॅक या संस्थेने तिच्या आधारे 'बॉस' नावाचा संच तयार केला असून शाळांसाठी त्याची एक वेगळी आवृत्तीही काढली आहे. केरळ राज्यातील सरकारी शाळांतही लिनक्सचाच वापर होतो.

एका संगणकावर बसून दुसऱ्या संगणकात प्रवेश करणे व तेथील काम करणे, यास दूरस्थ प्रवेश म्हणतात. लिनक्समध्ये हे काम 'एसएसएच' या साधनाने होते. पूर्वी 'टेलनेट' नावाचे साधन प्रचारात होते. पण त्यातून पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा तारेतून जात असे. हेलसिंकी येथील तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात असे पासवर्ड चोरीस गेल्यानंतर तेथील संशोधक तातू युल्योनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच रचले. यात सर्व मजकूर सांकेतिक रूपाने जातो. पोस्टकार्डाऐवजी बंद पाकीट, असा हा फरक आहे.

ज्या शाळेत पाठ, ध्वनिफिती व नोंदी एका मुख्य यंत्रात साठविलेल्या असतात आणि वर्गातील इतर यंत्रे तिच्याशी केबलने जोडलेली असतात, त्या शाळेस या विषयाचे ज्ञान अगत्याचे आहे.

लिहिण्यासंबंधी एक सूचना. या पाठातील आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. कळफलकावर त्या लहान रोमन अक्षरांत टंकावयाच्या असून अंकही इंग्रजी पद्धतीचेच घ्यावयाचे आहेत. आज्ञेतील दोन शब्दांमध्ये एक जागा मोकळी सोडावी.

२. एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका केंद्रशाळेच्या दोन इमारती एकाच पटांगणाच्या दोन बाजूंस होत्या. मुख्य यंत्र जुन्या इमारतीत, कपाटाशेजारी ठेवलेले असे. त्यास स्वतःचा पडदा नव्हता. नव्या इमारतीतील वर्गाच्या संगणकावरून एसएसएचने प्रवेश करूनच त्याचे काम चाले. संगणकाचा भार असलेल्या बाईंनी तीन वर्षे खपून त्यात मुलांच्या आवाजातील कविता, गावातील म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गोष्टी आणि इयत्तावार सरावाचे प्रश्न साठविले होते.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, वीज कडाडली, आणि मुख्य यंत्राचे नेटवर्क कार्ड जळाले. सुट्टीतच तालुक्याच्या कारागिराने येऊन नवे कार्ड बसविले व तो निघून गेला. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा बाईंना यंत्रात प्रवेश मिळेना. मी भेटीस गेलो असता मुख्याध्यापकांनी तक्रार मांडली. बाईंनी माझ्यासमोर आज्ञा दिली, पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली आणि प्रवेश नाकारला गेला. ती ओळ मी वाचली नाही. 'पासवर्ड विसरला असणार' असे मनाशी ठरवून मी शेरेबुकात लिहिले की, संगणकाचा भार असलेल्या शिक्षिकेने पासवर्ड नीट जपलेला नाही. यंत्रातील प्रणाली पुसून नवी भरून घ्यावी.

प्रणाली पुसून नवी भरणे म्हणजे तीन वर्षांचे काम पुसणे, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. तीन आठवड्यांनी कारागीर ते काम करावयास आला, तेव्हा योगायोगाने मी शाळेत होतो. बाईंनी आपली वही पुढे केली. पडद्यावरील ती ओळ त्यांनी जशीच्या तशी उतरवून ठेवली होती.

"साहेब, एवढी ओळ एकदा वाचता का?" त्या म्हणाल्या. "यात पासवर्डचे नावसुद्धा नाही."

ते खरे होते. वहीत लिहिले होते : 'नो रूट टू होस्ट'. त्या घरापर्यंत वाटच नाही, असा त्याचा अर्थ. जेथे घरच सापडले नाही, तेथे कुलपाची किल्ली चुकली असे म्हणण्यास काय आधार होता? मी कारागिरास थांबविले. पुढे काय निघाले, ते सांगण्यापूर्वी ही उत्तरे वाचावयाची कशी, ते पाहू.

३. यंत्राच्या उत्तरांचा अर्थ

एसएसएच प्रवेश नाकारते, तेव्हा ते कारणही सांगते. बहुधा पुढील सहांपैकी एक ओळ येते. प्रत्येकीचा अर्थ निराळा आहे.

(अ) 'नेटवर्क इज अनरीचेबल' : आपण ज्या यंत्रावर बसलो आहोत, त्यासच बाहेर जाण्याचा रस्ता ठाऊक नाही. दोष समोरच्या यंत्राकडे शोधू नये. आपलीच केबल व आपलाच पत्ता पाहावा.

(आ) 'नो रूट टू होस्ट' : आपले यंत्र ठीक आहे, परंतु हाक मारूनही त्या पत्त्यावरून कोणी ओ देत नाही. समोरचे यंत्र बंद असेल, त्याची केबल सुटली असेल किंवा त्यास पत्ताच मिळाला नसेल. एक अपवाद लक्षात ठेवावा. 'पिंग'ला उत्तर येत असून एसएसएच हीच ओळ दाखवीत असेल, तर समोरच्या यंत्रातील संरक्षक भिंत आड येत आहे.

(इ) 'कनेक्शन टाइम्ड आउट' : पत्र गेले, पण उत्तर आलेच नाही. वाटेतील किंवा समोरच्या यंत्रातील संरक्षक भिंत मुकाट्याने मागणी गिळून टाकीत असते, तेव्हा हे घडते. चुकीच्या पत्त्यानेही घडते.

(ई) 'कनेक्शन रिफ्यूज्ड' : घर सापडले, घरी कोणी आहे, पण ज्या दारावर आपण थाप दिली ते दारच तेथे नाही. म्हणजे एसएसएचची सेवा चालू नाही, किंवा त्या पत्त्यावर दुसरेच यंत्र बसले आहे.

(उ) 'होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड' : दार उघडले, परंतु आत असलेला मनुष्य पूर्वीचा नव्हे, असा संशय आपल्या यंत्रास आला आहे.

(ऊ) 'परमिशन डिनाइड' : वाट, घर व दार ठीक आहेत, ओळख मात्र पटली नाही. वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकला, असे म्हणण्यास आधार मिळतो तो या एकाच ओळीने.

यावरून दिसून येईल की, पडद्यावरील ओळ जशीच्या तशी वहीत उतरविणे ही निदानाची पहिली पायरी होय. इंग्रजी पूर्ण समजले नाही तरी चालेल, अक्षरे मात्र हुबेहूब उतरवावीत. तालुक्याच्या जाणकारास दूरध्वनीवर 'लागत नाही' असे सांगण्यापेक्षा ती ओळ वाचून दाखविली, तर निम्मे काम तेथेच होते.

४. निदानाच्या पाच पायऱ्या

जिना जसा खालून वर चढावयाचा, तशाच या पायऱ्या खालून वर चढाव्यात. खालची पायरी पक्की आहे याची खात्री झाल्यावाचून वरच्या पायरीवर पाय ठेवू नये.

पहिली पायरी : तार व दिवा. नेटवर्क कार्डाच्या खाचेजवळ बहुधा लहान दिवे असतात. केबल जोडल्यावर दिवा लागला पाहिजे. न लागल्यास केबल दुसऱ्या टोकाशी, म्हणजे स्विचमध्ये, नीट बसली आहे काय ते पाहावे. शक्य तर चालू असलेली दुसरी केबल लावून पाहावी. उंदरांनी कुरतडलेली केबल बाहेरून धड दिसू शकते. नेहमीच्या तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर आहे, हेही ध्यानात असावे.

यानंतर 'आयपी लिंक' ही आज्ञा द्यावी. यंत्रात जेवढी कार्डे आहेत त्यांची नावे व स्थिती दिसते. त्यांतील 'एलओ' हे नाव यंत्राचे स्वतःशी बोलण्याचे असते. ते सोडून द्यावे. उरलेल्यांपैकी एखाद्यापुढे 'नो-कॅरिअर' असे दिसले, तर कार्ड जागे आहे पण तारेत प्राण नाही, असे समजावे. नुसते 'डाउन' दिसले, तर कार्ड चालूच केलेले नाही. कार्डाचे नावच दिसत नसेल, तर 'एलएसपीसीआय' ही आज्ञा देऊन यंत्राने ते ओळखले आहे काय ते पाहावे.

दुसरी पायरी : कार्डाचे नाव. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. पूर्वी लिनक्समध्ये कार्डांना 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी क्रमाने नावे मिळत. आता बहुतेक संचांत कार्ड ज्या जागी बसविले आहे, त्या जागेवरून नाव पडते. उदाहरणार्थ, 'ईएनपी३एस०' या नावातील 'ईएन' म्हणजे इथरनेट, 'पी३' म्हणजे तिसरी वाहिनी आणि 'एस०' म्हणजे तीवरील शून्य क्रमांकाची खाच. कार्ड बदलून दुसऱ्या खाचेत बसविले की नावही बदलते. पत्त्याची नोंद जुन्या नावाखाली असेल, तर ती नोंद बरोबर असूनही निरुपयोगी ठरते. शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या नावाने हजेरी घ्यावी आणि नव्या मुलाचे नाव पटावर चढवूच नये, तसा हा प्रकार होय.

तिसरी पायरी : पत्ता. 'आयपी ए' या आज्ञेने कार्डाचा पत्ता दिसतो. शाळेतील पत्ता बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. हे पत्ते घरगुती जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत. समजा, पत्ता १९२.१६८.१.१० असून त्यापुढे तिरपी रेघ व २४ असे लिहिले आहे. याचा अर्थ पहिले तीन आकडे वाडीचे नाव आणि शेवटचा आकडा घराचा क्रमांक. दोन यंत्रांना एकमेकांशी थेट बोलावयाचे, तर वाडी एकच असली पाहिजे आणि घरक्रमांक मात्र वेगवेगळे असले पाहिजेत. पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर यंत्राने राउटरकडे पत्ता मागितला पण तो मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे.

पत्ता दोन प्रकारांनी मिळतो. एक, राउटर तो वाटून देतो. दुसरा, आपण तो कायमचा लिहून ठेवतो. मुख्य यंत्रास कायमचा पत्ता असावा. पण राउटर जे क्रमांक वाटतो, त्यांतलाच एखादा आपण कायमचा लिहिला, तर तोच क्रमांक उद्या एखाद्या मोबाइलला किंवा छपाईयंत्रालाही मिळू शकतो. मग हाक मारावी मुख्य यंत्रास आणि ओ द्यावी छपाईयंत्राने, असा घोटाळा होतो. याची परीक्षा सोपी आहे. मुख्य यंत्र बंद करून त्याच्या पत्त्यावर पिंग करावे. तरीही उत्तर आले, तर त्या पत्त्यावर दुसरे कोणी बसले आहे हे निश्चित.

चौथी पायरी : हाक. 'पिंग' या आज्ञेने दुसऱ्या यंत्रास हाक मारता येते. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी ती १९८३ मध्ये लिहिली. पाण्याखालील वस्तू शोधण्यासाठी पाणबुड्या जो नाद सोडतात, त्याच्या प्रतिध्वनीवरून हे नाव पडले आहे. हाका जवळून दूर अशा क्रमाने माराव्यात : प्रथम १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे स्वतःस. नंतर स्वतःच्या कार्डाच्या पत्त्यावर. नंतर राउटरच्या पत्त्यावर. शेवटी मुख्य यंत्राच्या पत्त्यावर. राउटरचा पत्ता 'आयपी आर' या आज्ञेने 'डीफॉल्ट' या शब्दापुढे दिसतो. ज्या हाकेस पहिल्यांदा उत्तर येत नाही, त्या टप्प्यावर दोष आहे. लिनक्समध्ये पिंग आपण होऊन थांबत नाही. 'कंट्रोल' आणि 'सी' या कळा एकत्र दाबून ते थांबवावे.

पाचवी पायरी : दार व किल्ली. हाकेस उत्तर येते, तरी प्रवेश मिळत नाही, असे झाल्यास मुख्य यंत्रावर जाऊन 'सिस्टमसीटीएल स्टेटस एसएसएच' ही आज्ञा द्यावी. काही संचांत शेवटचा शब्द 'एसएसएचडी' असा असतो. उत्तरातील 'ॲक्टिव्ह' या शब्दापुढे 'ॲक्टिव्ह (रनिंग)' असे दिसले, तर सेवा चालू आहे. अशी सेवाच सापडत नाही असे उत्तर आल्यास ती यंत्रात भरलेली नाही. पुष्कळ संचांत बाहेर जाण्याचे साधन आधीपासून असते. पण इतरांना आत घेणारी सेवा वेगळी भरावी लागते.

एसएसएचचे दार २२ क्रमांकाचे आहे. २१ क्रमांक फाइली पाठविणाऱ्या जुन्या साधनाचा आणि २३ टेलनेटचा. या दोहोंच्या मधला रिकामा क्रमांक युल्योनेन यांनी मागून घेतला. 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस' या आज्ञेने संरक्षक भिंत चालू आहे काय ते कळते. ती चालू असल्यास २२ क्रमांकास वाट दिलेली असली पाहिजे.

आता किल्लीविषयी. येथे तीन चुका वारंवार होतात. पहिली अशी की, पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. कळफलक बिघडला असे समजून शिक्षक तीच अक्षरे पुन्हा दाबतात आणि पासवर्ड चुकतो. दुसरी चूक आपल्या शाळांत विशेष आढळते. मराठी मजकूर लिहून झाल्यावर कळफलक मराठीतच राहतो. पासवर्ड दिसत नसल्याने तो मराठी अक्षरांत टंकला गेल्याचे कळत नाही. यास्तव आधी वापरकर्त्याच्या नावाच्या जागी दोन-चार अक्षरे टंकून पाहावीत व मगच पुढे जावे. तिसरी चूक म्हणजे 'रूट' या सर्वाधिकारी नावाने प्रवेश करू पाहणे. २०१५ पासून एसएसएचच्या प्रचलित आवृत्तीत या नावाने केवळ पासवर्डवर प्रवेश मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. साध्या नावाने आत जावे, आणि अधिकार लागेल तेवढ्यापुरता 'सुडो' हा शब्द आज्ञेपूर्वी जोडावा.

ओळख बदलल्याचा इशारा आला, तर घाबरू नये, पण तो डोळे मिटून पुसूनही टाकू नये. मुख्य यंत्राची प्रणाली नव्याने भरली असेल, तर त्याची ओळख बदलणे स्वाभाविक आहे. तसे काही घडलेले नसेल, तर त्या पत्त्यावर दुसरेच यंत्र आले आहे, असे धरून तिसऱ्या पायरीकडे परत जावे. कारण पटल्यावरच 'एसएसएच-कीजेन', नंतर आडवी रेघ व मोठ्या लिपीतील 'आर' आणि शेवटी पत्ता, अशी आज्ञा देऊन जुनी ओळख काढून टाकावी.

५. अनुभवाचा उत्तरार्ध

आता त्या केंद्रशाळेकडे परत जाऊ. वहीतील ओळ वाचल्यावर आम्ही पहिल्या पायरीपासून प्रारंभ केला. मुख्य यंत्रास पडदा नसल्याने वर्गातील पडदा व कळफलक दोन मुलांच्या मदतीने पटांगण ओलांडून जुन्या इमारतीत नेला.

दिवा लागत होता. तार ठीक होती. 'आयपी लिंक' दिले, तेव्हा कार्डाचे नाव 'ईएनपी२एस०' असे दिसले व पुढे 'डाउन' अशी स्थिती. 'आयपी ए' दिले. त्या नावापुढे पत्ताच नव्हता. मग पत्त्याची नोंद ज्या फाइलीत असते, ती उघडली. त्या संचात ती 'ईटीसी' या कप्प्यातील 'नेटवर्क' या उपकप्प्यात 'इंटरफेसेस' नावाने असते. तेथे पत्ता अगदी बरोबर लिहिलेला होता. पण लिहिलेला होता 'ईएनपी३एस०' या जुन्या कार्डाच्या नावाखाली. कारागिराने नवे कार्ड दुसऱ्या खाचेत बसविले होते. यंत्र दर वेळी सुरू होताना जळून गेलेल्या कार्डास शोधी, ते न सापडल्याने पत्ता तसाच राही, आणि नवे कार्ड बिनपत्त्याचे बसून असे.

फाइलीत ते नाव जेथे जेथे होते, तेथे तेथे ३ च्या जागी २ केला. एका अंकाचा बदल! यंत्र पुन्हा सुरू केले. नव्या इमारतीतून बाईंनी आपले नाव व आपला तोच पासवर्ड दिला आणि प्रवेश मिळाला. मुलांच्या कविता, म्हाताऱ्यांच्या गोष्टी, सारे जागच्या जागी होते. गोष्टी सांगणाऱ्यांपैकी एक आजी त्या उन्हाळ्यात वारल्या होत्या. यंत्र पुसले असते, तर त्यांचा आवाज पुन्हा कोणास ऐकू आला नसता.

मी शेरेबुक मागवून घेतले. पूर्वीचा शेरा खोडता येत नाही, आणि खोडूही नये. त्याखाली मी लिहिले की, वरील शेरा चौकशी न करता लिहिला गेला; दोष कार्डाच्या नोंदीत होता; शिक्षिकेने पासवर्ड व यंत्राचे उत्तर दोन्ही नीट जपले होते, आणि त्यामुळेच शाळेचा संग्रह वाचला. खाली तारीख घालून सही केली.

६. दुरून दुरुस्ती करताना घ्यावयाची काळजी

दूरस्थ प्रवेशातून यंत्राचा पत्ता बदलणे म्हणजे आपण बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड चालविणे होय. पत्ता बदलताच आपलाच संबंध तुटतो, आणि एखादा अंक चुकला तर पुन्हा आत जाता येत नाही. यास्तव पुढील नियम पाळावेत.

एक, पत्त्याचे काम शक्यतो यंत्रासमोर बसूनच करावे.

दोन, दुरून करणे भागच असेल, तर बदल प्रथम 'आयपी' या आज्ञेने तात्पुरता करावा. असा बदल यंत्र पुन्हा सुरू होताच नाहीसा होतो. त्यापूर्वी 'सुडो शटडाउन', नंतर आडवी रेघ व 'आर', नंतर अधिक चिन्ह व १० अशी आज्ञा देऊन ठेवावी. दहा मिनिटांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होईल आणि चूक झाली असल्यास पूर्वस्थितीवर येईल. सर्व ठीक असल्यास त्याच आज्ञेत आडव्या रेघेपुढे 'सी' लिहून ती रद्द करावी. फाइलीत कायमची नोंद त्यानंतर करावी.

तीन, एसएसएचच्या नोंदींत फेरफार केल्यास 'सुडो एसएसएचडी', नंतर आडवी रेघ व 'टी' असे लिहून त्या तपासाव्यात. काहीच उत्तर आले नाही, तर लिखाण शुद्ध आहे. सेवा पुन्हा सुरू केल्यावरही चालू असलेला प्रवेश बंद करू नये; दुसऱ्या खिडकीतून नवा प्रवेश मिळतो हे पाहावे व मगच पहिला सोडावा.

चार, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी बदलल्या आणि यंत्र चालू लागले, तर कोणत्या उपायाने चालले ते कळत नाही. बंद पडले, तर कोणत्या चुकीने पडले तेही कळत नाही.

पाच, फाइल बदलण्यापूर्वी तिची एक प्रत निराळ्या नावाने ठेवावी.

७. यंत्राचे टिपणपत्र

प्रत्येक शाळेने मुख्य यंत्राजवळ एक पुठ्ठ्याचे टिपणपत्र टांगून ठेवावे. त्यावर यंत्राचे नाव, नेटवर्क कार्डाचे नाव, कार्डाचा बारा अक्षरी मूळ क्रमांक, यंत्राचा पत्ता, राउटरचा पत्ता आणि आत प्रवेश करण्याची आज्ञा लिहावी. मूळ क्रमांक 'आयपी लिंक'च्या उत्तरात दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांत दिसतो. कार्ड बदलले की तो बदलतो. त्यामुळे कार्ड बदलले गेले काय, याचा तो साक्षीदार ठरतो. खाली तीन रकाने आखावेत : तारीख, काय बदलले, कोणी बदलले. कारागीर आला असता काम संपल्यावर त्याच्याकडूनच हा रकाना भरून घ्यावा. त्या केंद्रशाळेत मे महिन्यात एवढी एक ओळ लिहिली गेली असती, तर जूनमधील सारा मनस्ताप टळला असता. पासवर्ड मात्र या पत्रावर कधीही लिहू नये.

८. अभ्यासासाठी प्रश्न

केंद्रसंमेलनात शिक्षकांनी दोन-दोनच्या गटांत पुढील प्रश्नांचा विचार करावा व शक्य तेथे प्रत्यक्ष करून पाहावे.

(१) वर्गातील यंत्राची केबल मुद्दाम काढून 'आयपी लिंक' ही आज्ञा द्या. केबल जोडून पुन्हा द्या. दोन्ही उत्तरांतील फरक वहीत लिहा.

(२) 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'परमिशन डिनाइड' या दोहोंत पासवर्ड तपासणे केव्हा योग्य व केव्हा व्यर्थ? कारण द्या.

(३) काल चालणारा प्रवेश आज मिळत नाही. राउटरला केलेल्या पिंगचे उत्तर येते, मुख्य यंत्राचे येत नाही. आपण कोणकोणत्या पायऱ्या तपासल्या असे म्हणता येईल? आता कोठून प्रारंभ कराल?

(४) आपल्या शाळेतील मुख्य यंत्राचे टिपणपत्र तयार करून पुढील संमेलनात दाखवा.

समारोप

शिक्षकमित्रहो, संगणक हे नवे यंत्र असले, तरी ते तपासण्याची रीत आपणास नवी नाही. मुलाचे उत्तर ऐकून घ्यावे, चूक कोणत्या पायरीवर झाली ते शोधावे, एका वेळी एकच गोष्ट सुधारावी आणि नोंद ठेवावी, हे आपण रोज करीतच असतो. तेच यंत्रापुढे बसूनही करावे. आमच्यासारख्या तपासणीस येणाऱ्यांनी तर शेरा लिहिण्यापूर्वी पडद्यावरील ओळ आणि शिक्षकाची वही, दोन्ही वाचावीत. त्या केंद्रशाळेत मी पुन्हा गेलो, तेव्हा यंत्राशेजारी टांगलेल्या टिपणपत्रावर बाईंच्या अक्षरात पहिली नोंद होती : कार्ड बदलले, नाव बदलले, पत्ता तोच. आपल्या शाळेतील यंत्राजवळही असे पत्र याच महिन्यात लागावे, अशी विनंती आहे.